दारू महागली; उपचार कुठे आहे?

राज्य सरकारने जून २०२५ मध्ये दारूवरील उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा बातम्यांत ठळक आकडा होता तो तिजोरीचा. वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जास्तीचे मिळतील, असा अंदाज होता. १८० मिलीच्या बाटलीचे, म्हणजे ज्याला सगळा महाराष्ट्र ‘क्वार्टर’ म्हणतो तिचे, किमान दरही ठरले. देशी ८० रुपये, धान्यापासून राज्यातच बनणारी नवी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८ रुपये, आयएमएफएल म्हणजे विदेशी धर्तीची पण भारतात बनलेली दारू २०५ रुपये आणि त्यावरची प्रीमियम ३६० रुपये. हॉटेल आणि परमिट रूमवाल्यांनी विरोध केला, जुलैत एक दिवस बंद पाळला. महसूल बुडेल की वाढेल यावर भरपूर चर्चा झाली. दर वाढल्यावर कोण कमी पितो, कोण तितकीच पितो आणि त्या दुसऱ्याच्या घरी काय होते, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. वैद्यकशास्त्राकडे त्याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे.

भिगवण पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. एका अंगाला उजनीचे पाणी आणि मासेमारी, दुसऱ्या अंगाला ऊस. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात साखर, मळी आणि मळीपासूनचे अल्कोहोल हे रोजच्या व्यवहारातले शब्द आहेत. हिवाळ्यात इथे फ्लेमिंगो पाहायला पुण्या-मुंबईची मंडळी येतात, त्याच दिवसांत गळीत हंगाम सुरू असतो, हातात रोख पैसा खेळतो आणि सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत दारूचे रुग्ण वाढतात. ते ‘दारूचे रुग्ण’ म्हणून मात्र येत नाहीत. कोणी पोटात आग पडते म्हणून येतो, कोणी दुचाकीवरून पडून, कोणी बीपीची गोळी लागू पडत नाही म्हणून, कोणी झोप नाही म्हणून. केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते आणि तेवढ्यावरच औषध दिले जाते.

आधी दराचे पाहू. दारू महाग झाली की एकूण विक्री घटते, हे अनेक देशांतल्या शंभराहून अधिक अभ्यासांत दिसले आहे. सगळ्यात चांगला नैसर्गिक प्रयोग स्कॉटलंडने केला. १ मे २०१८ पासून तिथे दारूतल्या शुद्ध अल्कोहोलच्या प्रमाणात किमान किंमत ठरली. दर ८ ग्रॅम अल्कोहोलला ५० पेन्स, त्याखाली विकायची नाही. बाटलीवर ब्रँड कोणताही असो, स्वस्तात झिंग मिळण्याची वाट बंद. २०२० अखेरपर्यंतची आकडेवारी इंग्लंडशी ताडून पाहिली, तेव्हा केवळ दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १३ टक्के कमी भरले. सर्वांत जास्त फायदा गरीब वस्त्यांना झाला. २०२३ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे स्कॉटलंडने तो दर ६५ पेन्सवर नेला.

पण याच धोरणाच्या मूल्यमापनातला दुसरा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. ज्यांना दारूचे व्यसन पूर्ण जडले होते, त्यांचे पिणे दरामुळे कमी झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्यांपैकी काहींनी खाण्यापिण्याचा आणि घराच्या बिलांचा पैसा कापून दारू घेतली. जो शनिवार-रविवार पितो, त्याला दर थोपवतो. ज्याला सकाळी हात थरथरू नयेत म्हणून प्यावी लागते, त्याला दर थोपवत नाही, त्याच्या घरचा किराणा थोपवतो.

महाराष्ट्राच्या निर्णयात आणखी एक गुंता आहे. स्कॉटलंडने किंमत अल्कोहोलच्या ग्रॅमला बांधली. आपण ती दारूच्या प्रकाराला बांधली. त्या वेळी छापून आलेल्या हिशेबाप्रमाणे देशीची क्वार्टर दहा-वीस रुपयांनी वाढली, तर आयएमएफएलची ७५ ते ९० रुपयांनी. दोन पायऱ्यांमधले अंतर एवढे वाढले की खालच्या पायरीवर उतरणे सोपे झाले. यकृताला मात्र पायऱ्या कळत नाहीत. कर लावण्याला माझा विरोध नाही. डॉक्टर म्हणून मी दरवाढीच्याच बाजूचा आहे. पण ती दरवाढ ग्रॅमवर हवी आणि तिच्यासोबत उपचार हवा, नाहीतर ती फक्त वसुली राहते.

ग्रॅमचा हिशेब एकदा करून ठेवण्यासारखा आहे. आयएमएफएलमध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे १८० मिलीत जवळपास ७७ मिली, वजनाने ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल घेण्याला ‘जड’ मद्यपान म्हणते. आपल्याकडे ‘जास्त नाही डॉक्टर, फक्त एक क्वार्टर’ असे जे सांगितले जाते, ते एक क्वार्टर म्हणजे त्या व्याख्येत नेमके बसते. बिअरचेही तसेच. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ८ टक्क्यांच्या हिशेबाने ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असते. बिअर म्हणजे दारू नव्हे, हा समज कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि फार महाग पडतो.

आता माणसांचा आकडा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, त्यातले जवळपास ५ कोटी ७० लाख लोक अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीवर पितात आणि २ कोटी ९० लाख लोक पूर्ण व्यसनाधीन आहेत, असे त्यात आढळले. मला या अहवालातला सर्वांत बोचणारा आकडा वेगळाच वाटतो. दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कसली तरी मदत मिळाली होती. दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस १८० मागे एक. मधुमेहाच्या ३८ रुग्णांमागे एकालाच औषध मिळते असे उघड झाले, तर विधानसभेत गदारोळ होईल.

या आकड्यांत दोन वेगळे गट आहेत आणि त्यांची गल्लत झाली की सगळी योजना फसते. एक, व्यसन जडलेले. दुसरा, संख्येने तितकाच मोठा, व्यसनी म्हणता येणार नाही पण पिण्यामुळे नुकसान सुरू झालेल्यांचा. आपली सगळी व्यवस्था, जेवढी आहे तेवढी, पहिल्या गटासाठी आहे. पुण्यात १९८६ पासून सुरू असलेले, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभे केलेले आणि पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून आकाराला आलेले मुक्तांगण या कामात महाराष्ट्राचे नाव राखून आहे. पण तिथे पोचेपर्यंत माणसाने नोकरी, जमीन आणि बहुतेक नातेवाईक गमावलेले असतात. दुसऱ्या गटातल्या माणसाला कोणी विचारतच नाही. तो स्वतःला रुग्ण समजत नाही, घरचे ‘सगळेच पितात’ म्हणतात आणि आम्ही डॉक्टर अॅसिडिटीची गोळी लिहितो.

या दुसऱ्या गटासाठी काय करता येते, याचे उत्तम संशोधन आपल्या शेजारी, गोव्यात झाले आहे. डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि ‘संगत’ या संस्थेच्या चमूने गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात हा प्रयोग केला. केंद्रात कशासाठीही आलेल्या १८ ते ६५ वयाच्या पुरुषांना पिण्याविषयी दहा प्रश्न विचारले. ही जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली. तिच्यात १२ ते १९ गुण मिळालेले, म्हणजे अपायकारक पातळीवर असलेले पण पूर्ण व्यसनाधीन नसलेले ३७७ पुरुष निवडले. चिठ्ठी टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांच्या डॉक्टरांना प्रश्नावलीचा निकाल कळवला. एका गटाला त्यापलीकडे समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका दिल्या, प्रत्येकी साधारण अर्धा-पाऊण तास.

समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ती त्याच भागातली, साधी शालेय शिक्षण झालेली, या कामासाठी मुद्दाम शिकवलेली माणसे होती. बैठकीत उपदेश नव्हता. पहिल्या टप्प्यात त्या माणसाच्याच तोंडून त्याचे पिणे, त्यावरचा खर्च, शरीरावरचे परिणाम काढून घ्यायचे आणि त्याला स्वतःला काय बदलावेसे वाटते ते विचारायचे. दुसऱ्या टप्प्यात कामाची कौशल्ये : मित्रांनी आग्रह केला तर नाही कसे म्हणायचे, तल्लफ आली तर ती वेळ कशी काढायची, राग-ताण आला तर दुसरे काय करायचे. तिसऱ्या टप्प्यात, एखाद्या दिवशी घसरलो तर पुन्हा सावरायचे कसे. केंद्रात यायला जमले नाही तर समुपदेशक घरी जात.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. मागचे १४ दिवस अजिबात न प्यायलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. असे प्रयोग पुष्कळदा सहा महिन्यांत विरून जातात. इथे बारा महिन्यांनी पाहिले तर फरक टिकलेला होता, किंबहुना वाढलेला : धोक्याच्या पातळीखाली ५४ टक्के विरुद्ध ३२ टक्के. चार बैठकांच्या उपचाराला वर्षभरानंतर एवढे यश मिळणे ही साधी गोष्ट नाही.

प्रयोगाच्या मर्यादाही तितक्याच ठळक सांगायला हव्यात, कारण त्या संशोधकांनीच लिहून ठेवल्या आहेत. पिणे सुरूच ठेवलेल्यांच्या रोजच्या मापात फरक पडला नाही. पत्नीवरील मारहाण कमी झाल्याचे दिसले नाही. दारू सुटली की मारहाण आपोआप थांबते, असे आपण सगळेच गृहीत धरतो. तीन महिन्यांच्या निष्कर्षांनी त्याला आधार दिला नाही. मारहाणीचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी वेगळे काम लागते. त्याचे सगळे खापर बाटलीवर फोडले की मारणारा सुटतो. शिवाय हे निष्कर्ष पुरुषांनी स्वतः सांगितलेल्या पिण्यावर आधारलेले आहेत, आणि व्यसन पूर्ण जडलेल्यांसाठी हा उपचार तपासलेला नव्हता.

त्या पहिल्या गटाकडे येऊ. रोज, वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतो. दारू मेंदूतले शांत करणारे संदेश वाढवते आणि उत्तेजित करणारे दाबते. मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेने जोर लावतो. दारू एकाएकी बंद झाली की तो जोर तसाच राहतो आणि समोर अडवणारे काही नसते. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो.

ग्रामीण भागात हे घडण्याची ठरलेली वेळ आहे. पाय मोडून किंवा न्यूमोनिया होऊन माणूस दाखल होतो. घरचे लाजेखातर पिण्याचे सांगत नाहीत. तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटून पळू लागतो. वॉर्डात कोणी म्हणते वेड लागले, कोणी म्हणते बाहेरचे काही लागले. खरे तर दाखल होताना ‘रोज पितात, शेवटची काल रात्री घेतली’ एवढे एक वाक्य सांगितले असते, तर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधे वेळेत सुरू करून ही रात्र टाळता आली असती. ही औषधे स्वस्त आहेत, जुनी आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.

सलाईनचा आपल्याकडे मोठा भरवसा आहे. दारुड्याला अशक्तपणा आला की ‘दोन बाटल्या चढवा’ म्हणतात. सतत पिणारा नीट जेवत नाही, त्याच्या शरीरात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो. अशा माणसाला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडू शकते आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळे नीट हलत नाहीत, चालताना तोल जातो आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाते. थायमिनचे इंजेक्शन काही रुपयांचे असते. म्हणून वाडीवस्तीवर सलाईन लावणाऱ्यालाही पिण्याचे सांगा.

काविळीचेही सांगायला हवे. रोज पिणाऱ्याचे डोळे पिवळे झाले की गाठोड्यातला झाडपाला किंवा काविळीची माळ शोधली जाते. ती कावीळ बहुधा यकृताच्या सुजेची असते, झाडपाल्याने त्यावर आणखी भार पडू शकतो आणि दोन-तीन मोलाचे आठवडे जातात. यकृतावर नुसती चरबी साठलेली असेल तर दारू पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत ते सुधारते. शरीर एवढी सवलत क्वचितच देते.

दारू सोडवणारी औषधे आहेत. डायसल्फिरामचा उपयोग डेन्मार्कमध्ये १९४८ च्या सुमारास लक्षात आला. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. त्या भीतीने माणूस लांब राहतो. नाल्ट्रेक्सोन दारूतली मजा कमी करते, अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची अस्वस्थता. ही दोन्ही आपल्याकडे मिळतात आणि वापरली मात्र फार कमी जातात. उलट ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना प्रतिसाद भरपूर. भाजीत, चहात पूड कालवून देणाऱ्या मायमाउलींची तळमळ कळते, पण त्या पुडीत डायसल्फिराम असेल आणि नवऱ्याने बाहेर जाऊन क्वार्टर मारली तर त्याचा रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध घेणाऱ्याला माहीत असूनच द्यायचे असते.

सध्या चर्चा आहे ती वजन आणि मधुमेहाच्या सेमाग्लुटाइड या औषधाची. हे इंजेक्शन घेणाऱ्या अनेकांनी दारूची इच्छाच कमी झाल्याचे सांगितले, म्हणून अमेरिकेत एक छोटी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. ४८ माणसे, नऊ आठवडे. तल्लफ घटली, एका वेळी प्यायचे प्रमाणही घटले. दिशा आशादायक आहे. पण ४८ माणसांवरून गावातल्या मेडिकलमध्ये जाऊन इंजेक्शन मागू नये.

दारूबंदीचा मुद्दा वाचक काढतीलच. वर्धा, १९९३ पासूनचे गडचिरोली, २०१५ ते २०२१ चे चंद्रपूर हा महाराष्ट्राचाच अनुभव आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’मधून बंदीच्या जोडीला गावसंघटन आणि उपचार असे एकत्र काम सुरू झाले. नुसत्या कायद्यापेक्षा ही जोड मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे महिलांना मतदानाने गावातले दुकान बंद करण्याचा, ‘आडव्या बाटली’चा अधिकार आहेच. पण दुकान ज्या दिवशी बंद होते, त्याच्या तिसऱ्या दिवशी गावातल्या पाच-सात जणांना भ्रम होऊ शकतो, याची तयारी कोणी करत नाही.

मग इंदापूर-बारामतीत काय करता येईल? माणसे आहेत. आशा ताई आहेत, एचआयव्ही आणि बीपी-मधुमेहाच्या कार्यक्रमांतले समुपदेशक आहेत, बारामतीत वैद्यकीय महाविद्यालय आहे. गोव्यातल्या चार बैठका शिकवायला नवीन इमारत लागत नाही. टेलि-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे मोफत क्रमांक आजही लागतात.

आणि एक कागद बदलायला हवा. आशा ताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात, असंसर्गजन्य आजारांचा धोका ओळखण्यासाठी. त्यात दारूबद्दल एकच प्रश्न आहे : रोज दारू पिता का? हो असेल तर एक गुण, नाही असेल तर शून्य. आठवडी बाजाराच्या दिवशी दोन क्वार्टर रिचवून महामार्गावरून दुचाकीने घरी येणाऱ्याला या फॉर्मवर शून्य मिळते. त्याऐवजी ऑडिटमधले पहिले तीन प्रश्न विचारता येतील : किती वेळा पिता, प्यायला बसलात की किती घेता, आणि एका बैठकीत क्वार्टर किंवा जास्त किती वेळा होते. दीड मिनिट लागते. ज्यांचे गुण जास्त येतील, त्यांच्यासाठी समुपदेशकाच्या चार बैठका आणि सकाळी हात थरथरणाऱ्यांसाठी तालुक्याला पाच-दहा खाटा. १४ हजार कोटींतले किती यासाठी ठेवले, हे सरकारने अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीत छापावे.